पानात काय पडलंय? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेली बहुतेक पत्रं अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या साध्या, गावातल्या खाण्याच्या जागांबद्दल आहेत. डायनर, पिझ्झाची जुनी दुकानं, शुक्रवारचं फिश फ्राय, कस्टर्डचे स्टँड. पहिल्या पत्रासारखी पत्रं सर्वाधिक होती, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देत आहोत.

प्रश्न : आई-बाबा जूनमध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला येत आहेत. दोघंही पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. रोज घरचंच जेवण नको, इथल्या साध्या ठिकाणीही त्यांना न्यायचंय. आम्ही व्हेजिटेरियन आहोत एवढं सांगितलं की भागतं का?

नाही भागत. ऑर्डर घेणारी व्यक्ती तुमचं ऐकून ताटातला मांसाचा तुकडा वगळते. फ्रायरमधली चरबी, सूपचं पाणी आणि तव्यावर आधी काय भाजलं होतं, हे तिच्या मनात येत नाही. ती फसवत नसते, तिच्या लेखी तो प्रश्नच वेगळा असतो. म्हणून पदार्थ शाकाहारी आहे का, असं विचारू नका. तेल, पाणी आणि तवा यांच्याबद्दल विचारा.

आधी तेल. बफेलो वाइल्ड विंग्ज ही 1982 साली ओहायोतल्या कोलंबसमध्ये सुरू झालेली साखळी तळणासाठी गाईची चरबी, म्हणजे बीफ टॅलो वापरते. त्यामुळे तिथल्या फ्राइज आणि तळलेलं चीजही तुमच्या आई-बाबांना चालणार नाही. स्टेक एन शेक 1934 साली इलिनॉयमधल्या नॉर्मल या गावी सुरू झालं. त्यांनी 2025 च्या सुरुवातीला फ्राइज बीफ टॅलोत तळायला घेतल्या. वर्षानुवर्षं तिथे फ्राइज खाणाऱ्या अनेक शाकाहारी घरांना हा बदल अजून माहीत नाही. मॅकडोनाल्ड्समध्ये तळणीचं तेल वनस्पतीचं असलं, तरी अमेरिकेतल्या त्यांच्या फ्राइजमध्ये बीफचा स्वाद मिसळलेला असतो आणि घटकांच्या यादीत तसं छापलेलं असतं. गावातल्या एकट्या-दुकट्या हॉटेलात थेट विचारा, "व्हॉट ऑइल इज इन द फ्रायर?" उत्तर व्हेजिटेबल किंवा कॅनोला आलं, तर पुढचा प्रश्न, "डझ चिकन ऑर फिश गो इन द सेम फ्रायर?" छोट्या जागी बहुतेक वेळा उत्तर हो असतं. ते कितपत चालवून घ्यायचं, हे घरातून निघण्याआधीच आई-बाबांना विचारून ठरवा. टेबलावर बसल्यावर त्यांना संकोचात टाकू नका.

आता पाणी. व्हेजिटेबल सूप पुष्कळदा बीफच्या पाण्यात शिजवतात. मिनेसोटाकडचं वाइल्ड राइस सूप बहुधा चिकनचं असतं आणि वाटाण्याच्या सुपात हॅम असतं. मेक्सिकन ठिकाणी लाल भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला आणि रिफ्राइड बीन्स डुकराच्या चरबीत परतलेले असू शकतात. तिथे ब्लॅक बीन्स मागणं बरं, पण तेही विचारूनच. बार्बेक्यूच्या दुकानातल्या बेक्ड बीन्समध्ये मांसाचे तुकडे असतात, फरसबीत बेकन असतो.

राहिला तवा. डायनरमध्ये एकच मोठा सपाट तवा असतो. सकाळी त्यावर एका बाजूला बेकन तडतडत असतो आणि त्याची चरबी वाहत जाते तिथेच हॅश ब्राउन पसरलेले असतात. उलथन्याने खरवडून तवा साफ केला, तरी चरबीचा थर उरतोच. उपाय साधा आहे : ग्रिल्ड चीज किंवा बटाटा वेगळ्या पॅनमध्ये करून मागा, "इन अ सेपरेट पॅन, प्लीज." ही विनंती रविवारी सकाळी 10 वाजता केली तर स्वयंपाकघराला झेपत नाही, आणि मग पॅन न बदलताच पदार्थ टेबलावर येतो. दुपारी 2 ते 4 च्या दरम्यान जा, नीट ऐकून घेतात.

अंड्याचं सांगायचं तर विस्कॉन्सिनची शान असलेलं, आइस्क्रीमसारखं फ्रोजन कस्टर्ड आई-बाबांना चालणार नाही. अमेरिकेच्या अन्नविषयक नियमानुसार कस्टर्ड म्हणायचं असेल तर त्यात किमान 1.4 टक्के अंड्याच्या बलकाचा घन भाग असावाच लागतो. तो दाट, रेशमी पोत त्यातूनच येतो. त्यांना सॉफ्ट सर्व्ह द्या, त्यात साधारणपणे अंडं नसतं. पॅनकेक, वॉफल आणि कोलस्लॉमधलं मेयोनीज यांत अंडं असतं. जेलोत आणि मार्शमेलोत जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांतून काढलेला पदार्थ असतो. ॲपल पायसारख्या पदार्थांच्या कवचात कधी कधी लार्ड, म्हणजे डुकराची चरबी असते.

चीज करताना दूध विरजायला घालतात त्या रेनेटची (ते मुळात वासराच्या पोटातून काढत) काळजी असेल, तर अमेरिकेत बनणारं बहुतेक चेडर आता प्राण्यांपासून न काढलेल्या रेनेटने लावतात. इटलीहून येणारं पार्मिजानो-रेज्जानो मात्र नेहमीच वासराच्या रेनेटचं असतं, त्यामुळे पास्त्यावर भुरभुरलेलं चीज आधीच नको म्हणून सांगा.

एवढं सगळं वगळून उरतं ते कमी नाही. भाजलेला अख्खा बटाटा बटर आणि सावर क्रीमसह (बेकनचे तुकडे नकोत हे सांगून), मक्याचं कणीस, ओटमील, टोस्ट, फळं घातलेलं कॉटेज चीज. आणि मॅडिसनला आहात, तर शनिवारी सकाळी कॅपिटल स्क्वेअरवरच्या डेन काउंटी फार्मर्स मार्केटमध्ये ताजे चीज कर्ड्स, म्हणजे ताज्या चीजचे छोटे गोळे घ्या. तळलेले नाहीत, पिशवीतले. चावताना दातांखाली कुरकुर आवाज आला की समजायचं ताजे आहेत. फ्रिजमध्ये एक-दोन दिवसांत तो आवाज जातो. मायक्रोवेव्हमध्ये काही सेकंद कोमट केले की थोडा परत येतो. आई-बाबांना ही चव आवडेल, आणि तिच्यात तेल, पाणी, तवा यांचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : शिकागोत मुलांना डीप डिश खायला नेलं. टेबल मिळायला वेळ, मग पिझ्झा यायला पाऊण तास, मुलं रडकुंडीला आली. शिवाय अर्धा पिझ्झा उरला आणि दुसऱ्या दिवशी रबरासारखा झाला. आमचं काय चुकलं?

तुमचं चुकलं नाही, या पिझ्झ्याची बांधणीच तशी आहे. पिझ्झेरिया उनो 1943 साली सुरू झाली, तेव्हापासूनची पद्धत अशी : खोलगट पातेल्यात कणीक कडांवर चढवून दाबायची, तळाला चीज, त्यावर भाज्या किंवा सॉसेज आणि सगळ्यात वर टोमॅटोचा रगडा. ओव्हनमध्ये हा ऐवज 30 ते 45 मिनिटं असतो. चीज वर असतं तर ते तेवढ्या वेळात करपलं असतं, म्हणून ते खाली. स्टफ्ड पिझ्झ्यात सारणावर कणकेचा आणखी एक पातळ पापुद्रा असतो. तो त्याहून जड.

बऱ्याच ठिकाणी टेबलासाठी नाव नोंदवतानाच पिझ्झ्याची ऑर्डर घेतात. ती तेव्हाच द्या, म्हणजे टेबलाची वाट आणि ओव्हनची वाट एकत्र सरते. प्रमाण : मोठ्या माणसाला दोन तुकडे, लहान मुलाला एक. नेहमीच्या पातळ पिझ्झ्याच्या हिशेबाने मागवाल तर उरणारच. अर्धा शाकाहारी, अर्धा सॉसेजचा अशी ऑर्डर देऊ नका. खोल पातेल्यात सॉसेजची चरबी दुसऱ्या बाजूला वाहत जाते.

उरलेला तुकडा बहुधा मायक्रोवेव्हमध्ये घातलात, म्हणून रबर झाला. ओव्हन 375 फॅरनहाइटवर तापवा, तुकडा फॉइलने सैल झाकून 15 ते 20 मिनिटं ठेवा, शेवटची पाच मिनिटं फॉइल काढा. एकच तुकडा असेल तर बिडाच्या तव्यात झाकण ठेवून मंद आचेवर 8-10 मिनिटं. खालचं कवच पुन्हा खुटखुटीत होतं.

आणि मुलं लहान आहेत, तर टॅव्हर्न स्टाइल खा. पापडासारखं पातळ, कडक कवच, चौकोनी कापलेले छोटे तुकडे. शिकागोची माणसं आठवड्याच्या साध्या संध्याकाळी हाच मागवतात. डीप डिश पाहुण्यांसाठी असते. कडेचे तुकडे मुलांना द्या, हातात मावतात आणि गळत नाहीत. साउथ साइडच्या व्हिटो अँड निक्सचं नाव या प्रकारात आदराने घेतलं जातं.

प्रश्न : इटालियन बीफच्या, म्हणजे बीफ सँडविचच्या दुकानात रांगेत उभं राहिलं की मागचे लोक घाई करतात आणि समोरचा माणूस जे विचारतो ते कळत नाही. मी बीफ खातो, बायको खात नाही. काय म्हणायचं?

तो तीनच गोष्टी विचारतो : पदार्थ, ओलावा, तिखट. "बीफ, डिप्ड, हॉट" इतकं एका दमात म्हटलं की काम झालं. ड्राय म्हणजे मांस निथळून घातलेलं, वेट म्हणजे वरून रस्सा ओतलेला, डिप्ड म्हणजे अख्खा पाव रश्श्यात बुडवून काढलेला. हॉट म्हणजे जार्डिनिएरा : तेलात मुरवलेल्या मिरच्या, फ्लॉवर, गाजर, सेलरी. स्वीट म्हणजे भाजलेली भोपळी मिरची. काँबो म्हटलात तर बीफसोबत डुकराचं सॉसेजही येतं, हे लक्षात ठेवा. पहिल्यांदा खात असाल तर वेट घ्या. डिप्ड पाव दहा मिनिटांत लगदा होतो, त्यामुळे तो पार्सल न्यायचा पदार्थच नव्हे. तो तिथेच, कठड्यावर कोपरं टेकवून, पाय मागे घेऊन खातात, म्हणजे रस्सा शर्टावर न पडता कागदावर पडतो.

बायको अंडं खात असेल तर पेपर अँड एग सँडविच विचारा. हा पदार्थ कॅथलिकांच्या मांसाविना शुक्रवारांसाठी जन्मला. बऱ्याच ठिकाणी तो लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतच मिळतो, काही ठिकाणी वर्षभर. एक खबरदारी घ्या : काही दुकानांत भोपळी मिरची बीफच्या रश्श्यातच मऊ करतात, म्हणून मिरची कशात शिजवली हे विचारा. अंडंही नको असेल तर पोर्तो रिकन वस्तीत उगवलेला हिबारितो शोधा. पावाच्या जागी कच्च्या केळ्याचे तळून चेपलेले दोन काप, मध्ये सारण, वर लसूण. शिकागोतच 1996 च्या सुमाराला तो लोकप्रिय झाला. भाज्यांचा प्रकार अनेक ठिकाणी असतो. फक्त लसणीचं मेयोनीज वगळायला सांगा.

प्रश्न : आम्ही कोकणातले, मासे आमचा जीव. मिलवॉकीला आल्यापासून शुक्रवारच्या फिश फ्रायबद्दल ऐकतो. कोणता मासा मागायचा?

गोड्या पाण्याचा मागा, तोच इथला. कॉड सगळीकडे मिळतो, जाड पाकळ्यांचा, बिनकाट्याचा, पण तो समुद्रातून गोठवून येतो. लेक पर्च छोटा, गोडसर, पातळ तुकड्यांचा. पुष्कळदा कातडीसकट तळतात आणि त्यात बारीक काटे राहतात. तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही. वॉलाय त्याहून मोठा, घट्ट, सौम्य. आधी पर्च खा. वॉलाय दुसऱ्या शुक्रवारी. मसाल्याची अपेक्षा ठेवू नका, लिंबू जास्त मागून घ्या.

बिअर बॅटर की ब्रेडेड, असं विचारतील. बिअर बॅटर फुगीर आणि कुरकुरीत, पण पातळ पर्चची चव त्याखाली दबते. पर्चला ब्रेडेड, कॉडला बिअर बॅटर. सोबत राय ब्रेड, कोलस्लॉ आणि बटाट्याचा प्रकार येतो. त्यात फ्राइजऐवजी पोटॅटो पॅनकेक निवडा. किसलेल्या बटाट्याचं थालीपीठच म्हणा, फक्त त्यात अंडं असतं, आणि सोबत सफरचंदाचा गोड गर.

संध्याकाळी 5 च्या आत पोचा. राख बुधवारापासून ईस्टरपर्यंतच्या शुक्रवारी तर 4:30 लाच. उशिरा गेलं की पर्च संपलेला असतो आणि फ्रायरचं तेल थकलेलं असतं. मासा गडद तपकिरी आणि आतून तेलकट लागला, तर कारण बहुधा हेच.

सपर क्लबमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या वळणाच्या हॉटेलात गेलात तर आधी बारवर बसवतात. मेन्यू तिथेच देतात, ऑर्डर तिथेच घेतात आणि पहिलं वाढप तयार झालं की टेबलावर बोलावतात. कुणी आपल्याला विसरलं आहे असं समजू नका. तिथलं ओल्ड फॅशन्ड हे कॉकटेल ब्रँडीचं असतं. स्वीट म्हटलं की लिंबाच्या सोड्याने भरतात, प्रेस म्हटलं की अर्धा साधा सोडा, अर्धा लिंबाचा.

उन्हाळ्यात विस्कॉन्सिनमधल्याच डोअर काउंटीला जाऊन फिश बॉइल पाहाच. उघड्यावर मोठ्या हंड्यात मीठ घातलेलं पाणी, आधी छोटे बटाटे आणि कांदे, मग लेक मिशिगनमधल्या व्हाइटफिशचे जाड तुकडे. मासा शिजत आला की आचारी विस्तवावर रॉकेल फेकतो. ज्वाळा हंड्याच्या वर जातात, पाणी उतू जातं आणि वर तरंगणारा तेलकट फेस त्याबरोबर बाहेर पडतो. उरतो स्वच्छ मासा, त्यावर वितळलेलं बटर. जेवणाच्या वेळेआधी 20-30 मिनिटं अंगणात हजर राहा. उतू जाण्याचा क्षण चुकला तर पुढच्या पाळीपर्यंत थांबावं लागतं. काटे काढता येत नसतील तर वाढणारी माणसं काढून देतात. तुम्हाला गरज पडणार नाही.

प्रश्न : सिनसिनाटीत "थ्री-वे" म्हणजे काय? शाकाहारी माणसाला काही मिळतं का?

टू-वे म्हणजे स्पगेटी आणि चिली, थ्री-वे म्हणजे वर किसलेल्या चेडरचा ढीग, फोर-वे म्हणजे त्यात कांदा किंवा राजमा, फाइव्ह-वे म्हणजे दोन्ही. ही चिली टेक्ससच्या चिलीसारखी नसते. बीफ न परतता पाण्यात कुस्करून शिजवलेला पातळ सॉस असतो आणि त्यात दालचिनी, लवंग, ऑलस्पाइस असतात. 1922 च्या एम्प्रेस या दुकानापासून ही परंपरा चालत आली. स्पगेटी काट्याला गुंडाळू नका, थर विस्कटतात. काट्याच्या कडेने केकसारखी कापत खा. स्कायलाइन या चिलीच्या साखळीत मांसाऐवजी काळा घेवडा आणि भात घातलेला प्रकार मिळतो.

प्रश्न : टीप नेमकी कशावर द्यायची? आणि बिलात आधीच सर्व्हिस फी असेल तर?

करापूर्वीच्या रकमेवर द्या. बिलात सबटोटल 64 डॉलर असेल तर दशांश एक घर डावीकडे सरकवा, 6.40. दुप्पट करा, 12.80. ही 20 टक्के झाली. बसून जेवलात तर 18 ते 20 टक्के रीत आहे. यंत्राच्या पडद्यावर येणारे आकडे पुष्कळदा करासकट रकमेवर काढलेले असतात. शिकागोत कर दहा टक्क्यांच्या वर आहे, त्यामुळे फरक जाणवतो. कूपन वापरलं असेल तर टीप मूळ किमतीवर. वाढणाऱ्याचे कष्ट कूपनने कमी झालेले नसतात. काउंटरवर घेऊन स्वतः बसलात तर एक-दोन डॉलर पुरे, बुफेत साधारण 10 टक्के.

हे मनापासून द्या, कारण इंडियानात टीपवर काम करणाऱ्याला मालकाने द्यायचा किमान दर तासाला 2.13 डॉलर आहे. संघराज्याचा हा आकडा 1991 पासून बदललेला नाही. विस्कॉन्सिनमध्ये तो 2.33. टीप धरून नेहमीच्या किमान वेतनाइतकी कमाई झाली नाही, तर उरलेलं मालकाने भरायचं असतं. मिनेसोटात टीप मिळो न मिळो, पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं.

सर्व्हिस चार्ज हा टीपहून वेगळा असतो. तो हॉटेलचा पैसा असतो आणि वाढणाऱ्यापर्यंत पूर्ण पोचेलच असं नाही. "डझ धिस गो टू द सर्व्हर?" असं विचारण्यात काही गैर नाही. सहा-आठ माणसं असतील तर पुष्कळदा ऑटो ग्रॅच्युइटी, म्हणजे हॉटेलने स्वतःच धरलेली टीप, आधीच लावलेली असते. खाली टीपची रिकामी ओळ दिसली म्हणून पुन्हा 20 टक्के भरणारे खूप जण आहेत. सही करण्याआधी बिलाची प्रत्येक ओळ वाचा. मिनेसोटात 1 जानेवारी 2025 पासून सक्तीची फी जाहीर किमतीतच धरावी लागते. जेवणाच्या बिलावर ग्रॅच्युइटी लावायची असेल तर ती आधी ठळक सांगावी लागते.

प्रश्न : आमच्या आवडत्या शिकागोतल्या हॉटेलच्या तपासणी अहवालात "रिस्क 1, हाय" लिहिलेलं दिसलं. जाणं बंद करावं का?

नाही. हा शेरा स्वच्छतेचा नाही, कामाच्या प्रकाराचा आहे. कच्चं मांस शिजवणं, गरम अन्न गार करून पुन्हा तापवणं असली कामं जिथे होतात ती जागा रिस्क 1 मध्ये येते आणि तिची तपासणी जास्त वेळा होते. म्हणजे जवळजवळ प्रत्येक पूर्ण स्वयंपाकघर.

पाहायचं ते निकालाच्या रकान्यात. पास, पास विथ कंडिशन्स किंवा फेल. मधला शेरा म्हणजे गंभीर चूक सापडली, पण तपासनीस तिथे असतानाच दुरुस्त झाली. एखादा असा शेरा सोडून द्या. सलग तीन तपासण्यांत तापमानाचीच चूक (थंड पदार्थ 41 फॅरनहाइटच्या वर, गरम 135 च्या खाली) दिसली, तर तिथली सवयच बिघडलेली आहे. हातांच्या बेसिनला साबण नाही आणि उंदरांच्या लेंड्या, हे दोन शेरे एकत्र दिसले तर तिथे जाऊ नका. भिंतीची फरशी फुटलेली, छताचा दिवा उघडा, असले शेरे जुन्या इमारतीचे असतात, त्यांचा अन्नाशी संबंध कमी.

प्रश्न : लाँग वीकेंडला गाडी काढून एखाद्या जुन्या, खऱ्या अर्थाने गावच्या ठिकाणी जेवायला जायचंय. निवड कशी करावी?

अमेरिकेतल्या खाद्यव्यवसायाच्या जेम्स बिअर्ड पुरस्कारांत अमेरिकाज क्लासिक्स नावाचा एक विभाग आहे. तो झगमगाटी हॉटेलांना न देता गावाने जपलेल्या जागांना देतात. त्या यादीवरून सहल आखा. सिनसिनाटीची कॅम्प वॉशिंग्टन चिली (2000), शिकागोत 95 व्या रस्त्याच्या पुलाशेजारची कॅल्युमेट फिशरीज (2010), मिलवॉकीजवळ ग्लेनडेलमधलं सॉलीज ग्रिल (2022). कॅल्युमेटमध्ये बसायला जागा नाही, धुरावलेला मासा गाडीतच खातात, म्हणून कागदी रुमाल आणि थोडी रोख रक्कम बरोबर ठेवा.

आमची पहिली पसंती आयोवातलं ब्राइटबाक्स हे हॉटेल, डब्युकच्या उत्तरेला बॉलटाउन नावाच्या छोट्याशा गावात, मिसिसिपीच्या उंच काठावर. 1852 पासूनचं हे ठिकाण, 2009 चा पुरस्कार. डिसेंबर 2007 मध्ये ते जळालं, गावाने हातभार लावून उभं केलं, ते ऑक्टोबर 2008 मध्ये पुन्हा जळालं आणि पुन्हा उभं राहिलं. निघण्याआधी फोन करून वेळा विचारा, गावाकडची ठिकाणं आठवड्यात एक-दोन दिवस बंद असतात. तिथला गोड पाय (pie) संपण्याआधी, म्हणजे जेवणाची ऑर्डर देतानाच, तुमचा तुकडा बाजूला काढून ठेवायला सांगा. आणि कवच लार्डचं आहे का, हे तेव्हाच विचारून घ्या.